जुनी पेठ कशी पाहावी? पुण्यातल्या खुणा शोधण्याची एक पद्धत

रविवारी सकाळी सातच्या सुमारास निघा. दुकानांची शटर बंद असतात, रस्त्यावर गाड्या नसतात, त्यामुळे भिंती मोकळ्या दिसतात. एका फेरीला एकच पेठ पुरे.

सुरुवात पाण्यापासून करा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून बंदिस्त दगडी नळ शहरात आणला गेला. पाणी निव्वळ उताराने वाहत हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून पत्त्यांत आहेत. हौद सापडला की एक प्रश्न जरूर विचारा: इथे पाणी कुणाला भरू देत? गंज पेठेत (आताची महात्मा फुले पेठ) जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला. तो वाडा आज स्मारक आहे, तिथे जाऊन हे समजून घ्या. मला पुण्याच्या इतिहासातली ही जागा शनिवारवाड्याइतकीच मोलाची वाटते.

मग भिंती. नजर तयार करायला आधी १८०७च्या विश्रामबागवाड्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब, कमानी, खाली झुकलेली केळफुलं नीट पाहा. नंतर गल्लीत शिरलात की दुकानाच्या फ्लेक्सच्या वरून तीच नक्षी डोकावताना दिसेल. तळाकडेही बघा. वर नवं प्लास्टर असलं तरी खाली घडीव दगडाचं जोतं आणि चपट्या विटा बऱ्याचदा तशाच राहिलेल्या असतात.

दारावर ‘शके’ कोरलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळेल: शके १८०८ म्हणजे १८८६. महिना माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवा.

नावं विचारत चला. कसब्यात तांबट आळीत तांब्यावर पडणारे ठोके आजही ऐकू येतात. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या.

नदीकाठच्या पेठांत जुन्या वाड्यांच्या रांगेत मध्येच साठच्या दशकातली सिमेंटची इमारत दिसली, तर शेजारच्या आजी-आजोबांना १२ जुलै १९६१ बद्दल विचारा. पानशेत धरण फुटलं त्या दिवशी पाणी कुठवर चढलं होतं, ते भिंतीवर हात ठेवून दाखवणारी माणसं अजून भेटतात. त्यांचं बोलणं परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा.

वाड्याच्या चौकात शिरण्याआधी हाक मारा. आत कुणाचा तरी संसार आहे. मालकी कुणाकडून कुणाकडे गेली हे हवं असेल तर सिटी सर्व्हे नंबर टिपून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा.

फोटो मात्र त्याच दिवशी काढा, वाडा पुढे राहीलच असं नाही. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी जिथे मुलींची शाळा सुरू केली, तो भिडे वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. फोटोंचा क्रम असा ठेवा: आधी दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार), मग चौक, जिना, आणि शेवटी पाटी अगदी जवळून. प्रत्येक फोटोसोबत तारीख आणि घर क्रमांक लिहून ठेवा.