पाऊस, पाणी आणि बी : जूनच्या वर्गाची पूर्वतयारी

विदर्भ वगळता महाराष्ट्रात शाळा साधारणपणे १५ जूनच्या सुमारास उघडतात, तेव्हा मृग लागून आठवडा उलटलेला असतो. पहिली-दुसरीच्या मुलांना हवामान, जलचक्र आणि झाडाचे जीवनचक्र शिकवायचे, तर तयारी त्याआधी आठ दिवस सुरू करावी. बाणांनी जोडलेला जलचक्राचा तक्ता मात्र तूर्त गुंडाळूनच ठेवावा. मुलांनी थेंब स्वतः पाहिल्याशिवाय त्या बाणांना अर्थ येत नाही, असे माझे मत आहे.

पर्जन्यमापकासाठी सरळ भिंतींची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसवावा आणि कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावावी. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे घालून भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरावे, त्या रेघेला शून्य मानावे आणि तिथून वर मोजपट्टी चिकटवावी. जागा निवडताना पागोळ्या आणि झाडावरून गळणारे पाणी टाळावे व बाटली कलंडू नये म्हणून भोवती विटा रचाव्यात. हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते; आपण परिपाठानंतरची वेळ धरली तरी चालेल, पण ती रोज तीच असावी. खात्याच्या लेखी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’, हे सांगितले की शिंतोड्यांना पाऊस म्हणायचे की नाही हा मुलांचा वाद मिटतो. डास होऊ नयेत म्हणून दर आठवड्याला बाटली पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी.

बियांसाठी घरातले कडधान्य आणावे. पेरणीच्या बियाण्याला बहुधा औषध चोळलेले असते आणि मुले हात तोंडात घालतात, त्यामुळे ते वर्गात नको. चवळी आणि हरभरा दोन्ही घ्यावेत, कारण चवळीची डाळ रोपाबरोबर मातीवर येते, तर हरभऱ्याची मातीतच राहते, आणि हा फरक मुले आपणहून ओळखतात. बिया रात्रभर भिजवून एक जोडी चार दिवस आधी, दुसरी दोन दिवस आधी आणि तिसरी मुलांसमोर पेरावी, म्हणजे वाढीच्या पायऱ्या एकाच बाकावर दिसतील. एका वर्षी मी बियांखालचा कापूस निथळता ओला ठेवला आणि सोमवारी वर्गात कुजट वास तेवढा उरला. तेव्हापासून कापूस पिळून घेते आणि काचेचा पेला वापरते.

पाण्याच्या प्रयोगासाठी स्टीलचा पेला, बर्फ आणि कोकम सरबत जमवावे. गार पेल्याच्या बाहेर थेंब आले की ‘बाई, पेला गळतोय’ असे कोणीतरी म्हणतेच. आतले सरबत लाल आणि बाहेरचे थेंब बिनरंगी, हे बोटाने टिपून पाहिल्यावर ते पाणी हवेतून आले हे पटते. पाणी वाळताना दाखवायचे तर मातीतले डबके उपयोगाचे नाही, कारण तिथे पाणी जिरतेही. उघडीप मिळेल त्या दिवशी गुळगुळीत फरशीवर वाटीभर पाणी सांडून दर तासाला त्याची कड खडूने आखावी. वाफ दाखवायला गरम पाणी घेतले, तर ते भांडे शिक्षकाच्याच हाती राहील.

संपूर्ण जीवनचक्रासाठी तेरडा लावावा. जूनमध्ये उगवलेले रोप गौरींच्या सुमारास फुलते आणि पावसाळा सरता सरता बोंडे धरते. पिकलेले बोंड हात लागताच फुटून बिया उडवते, म्हणून तीन-चार बोंडांवर आधीच मलमलीच्या सैल पिशव्या बांधाव्यात आणि बाकीची मुलांना फोडायला ठेवावीत.