सातपुड्याच्या उभ्या चढणीवर सांबराच्या मागावर जाण्याची तयारी

तापीकाठच्या केळीच्या बागांतून उत्तरेकडे पाहिले की सातपुडा निळ्या भिंतीसारखा दिसतो आणि अर्ध्या दिवसात माथ्यावर जाऊन परत येता येईल असे कोणालाही वाटते. जवळ गेल्यावर कळते की ती एक भिंत नसून एकामागे एक उभ्या असलेल्या धारांची रांग आहे, दोन धारांच्या मध्ये खोल नाला आहे, आणि एका धारेवर चढून मिळवलेली उंची पुढच्या नाल्यात उतरताना पुन्हा गमवावी लागते. सांबराला नेमका असाच मुलूख आवडतो. दिवसा ते सावलीच्या घळीत नाहीतर सोंडेच्या आडोशाला बसून राहते आणि पहाटे व तिन्हीसांजेला चरायला व पाण्यावर येते. त्याला त्याच्या नकळत, पायी जाऊन पाहायचे असेल तर आधी पाय तयार करावे लागतात आणि वारा ओळखायला शिकावे लागते. तीन-चार दिवस दिवसा डोंगरात हिंडायचे आणि रात्री पाड्यावर किंवा विश्रामगृहात मुक्काम करायचा, असा बेत गृहीत धरून पुढील तयारी सांगितली आहे.

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या उंच रानात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारे लोक कित्येक महिने आधीपासून चढ-उताराचा सराव करतात, पाठीवरच्या वजनाचा हिशेब ठेवतात आणि वाऱ्याचा अभ्यास करतात. तेथे ती शिकार परवाना घेऊन कायदेशीरपणे होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असणे योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्या लोकांची तयारीची शिस्त दुर्बीण घेऊन जाणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते.

पहिले काम परवानगीचे आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर आहे. चाळीसगाव आणि कन्नडच्या सीमेवरील गौताळा-औट्रमघाट हे दुसरे अभयारण्य, पण ते सातपुड्यात नसून सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत येते. अभयारण्यात प्रवेश हा हक्क नाही. कायद्याच्या कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना दिला जातो, आणि कलम ३१ नुसार पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात किमान तीन आठवडे आधी स्वतः जावे, कोणत्या नाल्यापर्यंत आणि किती वाजेपर्यंत जाता येईल हे लेखी घ्यावे आणि जी सोंड वर्ज्य आहे असे सांगितले जाईल ती खरोखर वर्ज्य मानावी. वाटाड्याही तेव्हाच ठरवावा. पावरा, भिल्ल किंवा तडवी पाड्यावरचा अनुभवी माणूस बरोबर असेल तर नकाशावर न दिसणाऱ्या दहा गोष्टी कळतात. त्याचा दिवसाचा मेहनताना आधीच मोकळेपणाने ठरवावा आणि तो परतल्या दिवशी रोख द्यावा.

हंगामाविषयी मतभेद आहेत. पावसाळ्यात नाले अडवतात आणि दगड शेवाळतात. दिवाळीच्या सुमारास गवत छातीपर्यंत असते, त्यात चार पावलांवरचे जनावर दिसत नाही. थंडीत नर माजावर येतात, झाडांना शिंगे घासतात आणि चिखलात लोळतात, त्यामुळे खुणा भरपूर मिळतात. माघ संपता संपता सागाची पाने गळतात आणि नजर लांबवर पोचते, पण त्याच वाळलेल्या पानांवर पाऊल पडले की पापड मोडल्यासारखा आवाज सगळ्या खोऱ्यात जातो. चैत्रापासून पुढे खानदेशातील ऊन, आटलेले नाले आणि वणव्याचा धोका पाहता नवख्याने जाऊच नये. माझी पसंती जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य या काळाला आहे.

पायांची तयारी किमान आठ आठवडे आधी सुरू करावी. जळगाव-भुसावळच्या सपाटीवर रोज १० किलोमीटर चालणाऱ्या माणसाला आपण तयार आहोत असे वाटते, पण त्या चालण्याने मांडीचे आणि गुडघ्याभोवतीचे जे स्नायू उतारावर शरीर तोलून धरतात ते तयार होत नाहीत. चढताना दम लागतो आणि थांबले की तो परत येतो. उतरताना गुडघा दुखावला तर तो त्या मोहिमेत बरा होत नाही. म्हणून आठवड्यातून तीन दिवस जिने चढावेत आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरावेत. सॅकमध्ये पहिल्या पंधरवड्यात ४ किलो, मग ७ आणि शेवटी १० किलो वजन घ्यावे. ते पाण्याच्या बाटल्यांचे असावे, म्हणजे गुडघ्याने तक्रार केल्यास पाणी ओतून हलके होता येते. रविवारी खऱ्या डोंगरावर जावे. धुळेकरांना लळिंगचा किल्ला जवळ आहे, चाळीसगावकरांना पाटणादेवीजवळचा कण्हेरगड आहे, आणि यावल-चोपड्याच्या मंडळींना मनुदेवीच्या परिसरातील वाटा आहेत. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या पाच दिवसांत मात्र विश्रांती घ्यावी.

बुटांबाबत मी एकदा चूक केली आहे, ती सविस्तर सांगतो. निघण्याच्या आठ दिवस आधी मी नवे बूट घेतले आणि घरात दोन संध्याकाळी घालून ते बसले असे समजलो. चढताना काहीच झाले नाही. दुपारी सुक्या नाल्याकडे उतरताना प्रत्येक पावलाला अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर आदळू लागले आणि नाल्यात पोचेपर्यंत दोन्ही नखे काळीनिळी पडली होती. पुढचे दोन दिवस मी पाड्यावरच्या अंगणात बसून काढले, आणि माझ्यामुळे बरोबरच्या दोघांचा बेतही अर्धवट राहिला. त्यानंतरचा माझा नियम असा आहे की बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून विकत घ्यावेत. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट सहज गेले पाहिजे. त्या बुटांवर किमान ८० किलोमीटर चालणे झाल्याशिवाय डोंगरात पाऊल ठेवू नये. नखे निघण्याच्या तीन दिवस आधी कापावीत. मोजे गुडघ्याखालपर्यंत लांब असावेत आणि त्यावर कापडी पट्टी गुंडाळावी, कारण वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यात शिरतात आणि एकच कुसळ टाचेखाली तासभर राहिले तर तेथे फोड येतो. टाच गरम लागू लागताच, फोड येण्याची वाट न पाहता, थांबून चिकटपट्टी लावावी. त्यासाठी संपूर्ण गटाला पाच मिनिटे थांबवण्याचा संकोच करू नये.

पाण्याचा हिशेब कठोरपणे करावा. थंडीतही चढणीवर दर माणशी दिवसाला ४ लिटर पाणी लागते आणि ४ लिटर पाण्याचे वजन ४ किलो असते, हे बहुतेक जण सॅक उचलल्यावरच लक्षात घेतात. सुकी, अनेर, मोर, गोमाई या नद्या नकाशावर निळ्या दिसतात, पण त्यांना वरून मिळणारे नाले माघात पुष्कळदा कोरडे असतात. कोणत्या वळणावर झिरा आहे आणि तो कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हे पाड्यावरच्या बायकांना सर्वांत नेमके ठाऊक असते, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनाच विचारावे. झिऱ्याचे पाणी कापडाने गाळून मुक्कामी चांगले उकळावे. दिवसा लागेल म्हणून शुद्धीकरणाच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. जनावरांच्या पाणवठ्यावर बसून राहू नये, कारण फेब्रुवारीत त्या खोऱ्यात त्यांना दुसरे पाणी नसण्याचीही शक्यता असते. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा सपाट चमचा मीठ घालून जलसंजीवनी तयार होते. तिची पुडी प्रत्येकाच्या खिशात असावी.

खाण्यासाठी बाजारातील महागड्या पाकिटांची गरज नाही. दुधात मळलेल्या दशम्या थंडीत दोन-तीन दिवस सहज टिकतात. त्यांच्याबरोबर कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजलेले शेंगदाणे आणि सुकेळी घेतली की चालता चालता खाता येते. कळण्याची भाकरी आणि ठेचा मुक्कामी पाड्यावर मिळाला तर आनंदाने खावा आणि त्याचे पैसे द्यावेत. रानात चूल पेटवू नये. अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे आणि वाळलेल्या सागाच्या पानांना एक ठिणगी पुरते.

सॅकचे एकूण वजन, पाण्यासह, स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होऊ देऊ नये. दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरेशी आहे आणि ती सॅकमध्ये नव्हे, गळ्यात असावी. कपडे मळखाऊ रंगाचे आणि न सळसळणारे असावेत, म्हणून नायलॉनच्या जाकिटापेक्षा जुना लोकरी स्वेटर बरा. रात्रीची थंडी हलकी समजू नये. नंदुरबार जिल्ह्यातील डाब आणि तोरणमाळच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठते. हेडटॉर्च, शिट्टी, आगपेटीऐवजी जास्तीच्या बॅटरी आणि प्रथमोपचाराची पिशवी एवढे पुष्कळ झाले. मोबाइलवर नकाशा असला तरी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा घ्यावा, कारण बऱ्याच घळींत रेंज नसते. त्यावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे उंचीच्या २० मीटर अंतराने असतात. त्या जेथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तेथे कडा असतो आणि तेथून वाट काढण्याचा विचार सोडून द्यावा. वेळेचा अंदाज घेताना ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास हा रूढ हिशेब करावा आणि ओझे व घसारा (पायाखाली घसरणारी सुटी माती-दगड) लक्षात घेऊन तो दुप्पट करावा.

नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आढळतात. दंश झाल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून माणसाला चालू न देता उचलून रस्त्यापर्यंत आणावे, १०८ ला कळवावे आणि प्रतिविष मिळणारे रुग्णालय गाठावे. ते रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून ठेवलेले असावे. कड्यावरील आग्या मोहोळाखाली अत्तर लावून किंवा विडी ओढत जाऊ नये. खाजकुयलीच्या शेंगा ओळखता आल्या पाहिजेत. दाट झुडपात अस्वल अवचित समोर येऊ शकते, म्हणून तेथे शांततेचा नियम मोडून खाकरत, काठी आपटत जावे.

आता वारा. सांबराची नजर हालचाल पटकन टिपते आणि कान फार तिखट असतात, पण त्याला माणूस कळतो तो मुख्यतः वासाने. डोंगरात वारा घड्याळासारखा चालतो. रात्रभर थंड झालेली जड हवा पहाटे उतारावरून नाल्याकडे वाहते, ऊन तापले की उताराला लागून वर चढू लागते आणि सूर्य कलला की पुन्हा खाली येते. याचा अर्थ असा की पहाटे वरच्या धारेवर बसल्यास आपला वास नाल्यातल्या जनावराकडे जातो आणि खालून हळूहळू वर गेल्यास जात नाही. ऊन वर आल्यावर हेच उलटे होते. मधला, हवा पालटण्याचा अर्धा-पाऊण तास सर्वांत फसवा असतो, तेव्हा जागचे हलूच नये. मी चुलीतील राख वस्त्रगाळ करून जुन्या धोतराच्या फडक्यात चिंचोक्याएवढ्या गाठीने बांधतो आणि ती पुरचुंडी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवतो. दोन बोटांनी टिचकी मारली की कापडातून राखेचा इतका बारीक धूर निघतो की चेहऱ्याला न जाणवणारी झुळूकही त्यात वळताना दिसते. दर वळणावर ती पाहायची आणि राख ज्या बाजूला जाईल त्या बाजूच्या खोऱ्याचा नाद त्या वेळेपुरता सोडायचा.

मागाचा अभ्यास घरच्या गोठ्यापासून सुरू करता येतो. गाईचा खूर रुंद आणि गोलसर उमटतो, सांबराचा निमुळता आणि पुढे टोकदार असतो, चितळाचा तसाच पण बराच लहान असतो. ओल्या मातीतील मागाची कड धारदार असेल आणि आत पान किंवा माती पडलेली नसेल तर तो ताजा. धोका जाणवल्यावर सांबर पत्र्यावर घण मारल्यासारखा एकच मोठा आवाज काढते. तो पुन्हा पुन्हा येऊ लागला तर बिबट्या फिरत असण्याची शक्यता धरावी आणि वाटाड्या सांगेल ते करावे.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या माणसांना एक कागद द्यावा. त्यावर प्रत्येक दिवसाचा नाला, मुक्कामाचा पाडा, वाटाड्याचा व वनपरिक्षेत्र कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि परत येण्याची शेवटची वेळ लिहावी. त्या वेळेनंतर तीन तासांत आपला निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे हेही त्यावर असावे. मग सॅक काट्यावर ठेवावी, ठरवलेल्यापेक्षा जड भरली तर कपड्यांतून वजन कमी करावे, पाण्यातून नव्हे, आणि पहाटे साडेतीनचा गजर लावून झोपावे, म्हणजे हवा खाली वाहत असतानाच नाल्याच्या तोंडाशी पोचता येते.