गव्हाची पेर ठरवण्याआधी विहिरीला टेप लावा

दिवाळी झाली की पारावर एकच प्रश्न असतो: यंदा गहू किती करायचा? उत्तर बहुतेक जण विहिरीत डोकावून देतात. “भरपूर आहे की पाणी!” हे भरपूर म्हणजे किती, ते काढायला टेप, दोरी आणि पाच मिनिटं पुरतात.

गोल विहिरीचा आतला व्यास मोजा. टेप बरोबर मधून जायला हवी. दोन-तीनदा सरकवून जे माप सगळ्यात मोठं येईल तोच व्यास. कठडा धरून मोजू नका. आतून 20 फूट असलेली विहीर कठड्यासकट 23 भरते आणि तेवढ्यानं हिशेबात तिसरा हिस्सा पाणी फुकटचं वाढतं. बांधकामाखाली खडकात विहीर अरुंद झाली असेल, तर तिथला व्यास धरा.

आता व्यासाला व्यासानं गुणा आणि 0.785 नं गुणा. जुन्या माणसांना समजेल असं सांगायचं तर चौकोनी विहीर सोळा आणे धरली, तर तेवढ्याच रुंदीची गोल विहीर साडेबारा आणे. 20 गुणिले 20 म्हणजे 400. त्याचे 314 चौरस फूट. एका घनफुटात 28.3 लिटर पाणी मावतं, म्हणजे या विहिरीतलं एक फूट पाणी साधारण 8,900 लिटर. हा आकडा मोटारीच्या पेटीवर खडूनं लिहून ठेवा, वर्षानुवर्षं बदलणार नाही.

दगड बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजा. समजा 24 फूट आली. तळाचं दोन फूट फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाईपच्या तळच्या झडपेच्या, हाती लागत नाही, ते सोडा. उरलं 22 फूट. एक एकर गव्हाला पाटानं 6 सेंटीमीटरची एक पाळी, म्हणजे एका वेळचं पाणी, द्यायला सुमारे 2,43,000 लिटर लागतं, म्हणजे याच विहिरीचं 27 फूट पाणी! तुडुंब दिसणारी विहीर एका एकराची एक पाळीसुद्धा एका दमात भागवत नाही.

खरी मदार झऱ्यांवर. संध्याकाळी उपसा थांबवून पातळीला खूण करा, सकाळी पुन्हा बघा. रात्रीत चार फूट चढलं, तर मी दोनच धरतो, कारण माघात झरे आजच्यासारखे राहत नाहीत. रोजचे दोन फूट म्हणजे दोन पाळ्यांमधल्या वीस दिवसांत 40 फूट; उपसा रोज चालू ठेवला, तर दीड एकराची पाळी निघते. मात्र थ्री फेज वीज रोज मिळायला हवी, तो हिशेब टेपनं होत नाही.

म्हणून दीड एकर गहू, बाकी रानात हरभरा. हरभऱ्याला फुलं लागताना आणि घाटे भरताना मिळून दोन पाण्यांत भागतं. जास्त दिलं तर उभळतो, म्हणजे पिवळा पडून वाळतो. गव्हाला तीनच पाळ्या जमणार असतील, तर पेरणीनंतर 20-22, 40-42 आणि 60-65 दिवसांनी द्या. दोनच असतील, तर मधली सोडा.

मोटारीचा दमही फुटाला 8,900 लिटरच्या त्याच आकड्यानं कळतो. तासात पातळी तीन फूट उतरली, तर झरे वगळून 26,700 लिटर बाहेर पडलं. पाटाच्या टोकाला तेवढं पोचत नसेल, तर आधी पाईपचे सांधे बघा.