मागून ‘ठक्’ वाजणारी गाडी: आवाज शोधायचा कसा

माझी उघडी टू-सीटर जुन्या जिप्सीच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, फायबरची बॉडी बसवून जुळवलेली आहे. अशा गाडीत मागचा आवाज हमखास फसवतो. फायबरचं कवच घुमटासारखं घुमतं. वाजतो डावा शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) आणि आपण शोधत बसतो सीटखाली. म्हणून सुटे भाग आणण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते पक्कं करा.

स्टेपनी, जॅक, हत्यारं बाहेर काढा. सायलेन्सर हाताने हलवा, कुठे टेकतोय का बघा. मग अगदी सावकाश चालवून ऐका. गोव्यात रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीचा रॅम्प मला यासाठी फार आवडतो: चाकं कडेवरून उतरतात, इंजिन जेमतेम बोलत असतं, आणि मागे बसलेल्याला बाजू बरोबर कळते.

सावकाश जाताना कुरकुर येत असेल तर संशय पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) किंवा बुशांवर, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांवर. एकेका बुशावर साबणाचं पाणी मारून गाडी मागून दाबा. ज्या बुशावर आवाज बदलेल, तो गुन्हेगार. रबराला साधं ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

क्लच सोडताना एकच ठोका आला तर यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळणारे), सेंटर बोल्ट (पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा) आणि प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) बघा. इथे गोव्यात एक घोळ होतो. हललेल्या बोल्टभोवती तांबूस भुकटी जमते, पण आपल्या जांभ्याची धूळही तशीच तांबडी. तेव्हा सांधा धुवा, वाळवा, थोडी गाडी फिरवा आणि पुन्हा बघा. पुसलेल्या जागी वॉशरच्या कडेने बारीक तांबडी रेघ उमटली, किंवा धातू घासून चकाकला, तर तिथे नक्की हालचाल आहे.

खड्ड्यात चाक खाली पडतानाच ‘ठक्’ होत असेल तर शॉकअपकडे वळा. फायबरची बॉडी हलकी, पाटे मात्र जड गाडीचे. मागची बाजू उंच राहते आणि शॉकअप पूर्ण ताणून आपटतो. मागे पाटे असतील तरच दोन्ही शॉकअप खालून सोडून अंगणात हळू फिरवा. आवाज गेला, तर शॉकअप किंवा त्याच्या डोळ्यातलं (टोकाच्या बोल्टच्या कडीतलं) रबर. लांबी कमी पडत असेल तर जास्त लांबीचे शॉकअप घाला, मागची बाजू खाली आणायला पाट्याची पट्टी काढायची घाई नको.

खाली शिरताना पुढच्या चाकांना दगड आणि चासीखाली घोड्या (जॅक स्टँड) हव्यातच. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

आणि हे कृपा करून पाळा: रबर बुशाचे बोल्ट गाडी वर उचललेली असताना शेवटचे आवळू नका. तसं केलं की चाकं जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं, कुरकुरतं आणि लवकर फाटतं. गाडी खाली घ्या, मागे जरा उड्या मारून तिला बसू द्या, मग आवळा. नवे यू-बोल्ट मात्र थोडं चालवून झाल्यावर पुन्हा एकदा पान्याखाली घ्या.