नाव आधी पत्रपेटीवर लावा

यंदा गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आलो होतो. जुळे सोलापुरात बहिणीच्या गच्चीवर रात्री भाचा आणि त्याचे तीन दोस्त बसलेले. चौघंही या वर्षात जर्मनीला निघणार. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही मध्ये ठेवलं होतं आणि भाच्याचा पहिला प्रश्न आला, "मामा, ऑटोबानवर लिमिटच नाही म्हणे?" ऑटोबान म्हणजे तिकडचे द्रुतगती महामार्ग. घरभाडं, विमा, भाषा सगळं राहिलं बाजूला. त्या रात्री जे बोललो तेच इथं लिहून काढतोय. म्हणजे पुढच्या गड्ड्याला दुसरे चौघं आले की हेच वाचायला देता येईल.

तर लिमिट नाही हे अर्धंच खरं. जिथं पाटी नाही तिथं ऑटोबानवर कायद्याने वेगाची मर्यादा नाही, फक्त ताशी 130 ची शिफारस आहे. पण पाट्या भरपूर आहेत. पुलाजवळ 100, काम चालू असेल तिथं 80 किंवा 60, आणि काही ठिकाणी पाटीखाली छोटी पट्टी: 22 ते 6. म्हणजे ही मर्यादा फक्त रात्री, आवाजासाठी. ती खालची पट्टी वाचायची सवय लावा, आपण वरचा आकडा बघतो आणि पुढे जातो. गावाचं तर आणखी गमतीचं आहे. गावाच्या नावाची पिवळी पाटी दिसली की तिथूनच 50 सुरू झाले. वेगळी 50 ची पाटी कुणी लावत नाही. टेंभुर्णी आल्याचं आपल्याला हॉटेलं बघून कळतं, तिकडं पाटी बघून ब्रेक मारायचा.

आता मुख्य गोष्ट. सात रस्त्याला हवालदाराने हात दाखवला की आपल्याला काय करायचं ते पाठ असतं. गाडी बाजूला, हेल्मेट काढून हसरा चेहरा, "साहेब, दवाखान्यात चाललो होतो", आणि जमलंच तर कुणाचा तरी फोन. ई-चलान आलं तरी ते मोबाईलमध्ये पडून राहतं, लोकअदालतीत कमी होईल म्हणून. आपला सगळा अभ्यास रस्त्यावर उभं राहून बोलण्याचा आहे. जर्मनीत वेगाच्या बाबतीत समोर बोलायला कुणी नसतंच. कॅमेऱ्याचा लाल उजेड चमकतो, तुम्ही पुढे निघून जाता, आणि दोन-तीन आठवड्यांनी पत्र येतं. त्या पत्राशी कसं वागायचं हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं.

मला ते कळायला 53 युरो 50 सेंट लागले. मी 2016 मध्ये जर्मनीला गेलो. पहिल्याच वर्षी एक जुनी ओपेल घेतली आणि पहाटेच्या शिफ्टला निघालो होतो, पावणेसहाची वेळ, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तो भाग 30 च्या झोनचा होता. झोन म्हणजे एकदा आत शिरताना पाटी दिसते, मग बाहेर पडेपर्यंत प्रत्येक गल्लीत 30 च, पुन्हा आठवण करून द्यायला कुणी पाटी लावत नाही. चमकलं. यंत्रात 47 आले, ताशी 100 च्या आतल्या वेगाला तिकडं 3 वजा करतात, उरले 44. म्हणजे 14 जास्त. तेव्हा त्याला 25 युरो होते.

पत्र आलं. वर नगरपालिकेचं चिन्ह, खाली दाट जर्मन. मला वाटलं कचऱ्याचं वेळापत्रक असेल, कारण आदल्या महिन्यात तसंच एक आलं होतं. फ्रिजवर ठेवून दिलं. ती साधी ताकीदवजा रक्कम होती, आठवड्यात भरली असती तर विषय तिथंच संपला असता. भरली नाही, म्हणून महिन्याभराने पिवळा लिफाफा आला: 25 दंड, 25 कार्यालयीन शुल्क, साडेतीन पोहोचवण्याचे. सोबत फोटो. स्टिअरिंगवर दोन्ही हात, तोंड उघडं, बहुतेक जांभई. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "किती बारीक झालास रे."

फोटो समोरून का काढतात ते समजून घ्या. आपल्याकडे चलान गाडीच्या नंबरावर निघतं. तिकडं वेगाचा दंड गाडी चालवणाऱ्यावर असतो, मालकावर नाही, म्हणून चेहरा लागतो. गाडी तुमच्या नावावर आणि चालवत होता रूममेट, तर पहिलं पत्र तुम्हालाच येणार, पण ते विचारणा करणारं असतं. त्याला आनह्योरुंग्सबोगन म्हणतात. नाव भयंकर असलं तरी फॉर्म साधा आहे. त्यात तुमचं नाव-पत्ता खरा देणं बंधनकारक आहे. घडलं काय ते सांगणं बंधनकारक नाही. आपली पोरं नेमकं उलटं करतात. पत्ता जुना ठेवतात आणि कैफियतीच्या रकान्यात निबंध लिहितात, "ड्युटीला उशीर होत होता, म्हणून जरा जोरात." अहो, ती कबुली झाली. भाड्याच्या गाडीत चमकलात तर कंपनी तुमचं नाव कळवते आणि त्या कळवण्याचे वेगळे पैसेही कार्डावरून कापते. तेव्हा दोन रकमा दिसल्या तर दचकू नका.

पिवळा लिफाफा कधीच फेकू नका. पोस्टमन त्यावर पेनाने तारीख लिहितो. हरकत घ्यायची असेल तर त्या तारखेपासून 14 दिवस असतात, तुम्ही पत्र वाचलं त्या दिवसापासून नाही. पेटीत टाकलं की पोहोचलं असं धरतात. म्हणूनच घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम: पत्रपेटीवर आडनाव लावा. तिकडं फ्लॅट नंबर चालत नाही, पोस्टमन नाव शोधतो. एका खोलीत चौघं राहत असाल तर चार आडनावं. घर बदललं की दोन आठवड्यांत नवा पत्ता नोंदवा, नाहीतर पत्रं जुन्या पेटीत साठतात आणि मुदती इकडे संपतात. सुट्टीला सोलापूरला महिनाभर यायचं असेल तर पेटीची किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि पिवळं काही आलं तर फोटो पाठवायला सांगा.

रकमा नोव्हेंबर 2021 पासून वाढल्या आहेत. गावात 10 पर्यंत जास्त असाल तर 30 युरो, माझे ते 14 आज 50 ला पडले असते, 16 ते 20 ला 70. इथपर्यंत नुसते पैसे. 21 पासून 115 युरो आणि एक पॉइंट. पॉइंट उत्तरेला फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावात जमा होतात, केंद्रीय वाहन खात्याच्या दप्तरी. आठ झाले की लायसन्स जातं. गावात 31 जास्त म्हणजे 260 युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. गावाबाहेर जरा सैल आहे, तिथं गाडी 41 पासून बंद होते. जर्मन लायसन्स असेल आणि आधीच्या दोन वर्षांत अशी बंदी आली नसेल, तर तो महिना कधी सुरू करायचा हे चार महिन्यांच्या आत तुम्ही ठरवू शकता. माझ्या ओळखीच्या एकाने तो बरोबर दिवाळीच्या सुट्टीत बसवला. लायसन्स तिकडं जमा, स्वारी नव्या पेठेत खरेदीला!

रडारची सूचना देणारं अॅप गाडी चालवताना वापरणं हा स्वतंत्र नियमभंग आहे, 75 युरो आणि पॉइंट. त्याच वेळी रेडिओवर मात्र कुठे कॅमेरा लावलाय ते उघड सांगतात, आणि ते चालतं. याचं मला अजून नवल वाटतं.

पोलीस प्रत्यक्ष थांबवतात तेव्हा आपल्यासारखं आडवं येत नाहीत. त्यांची गाडी तुम्हाला ओलांडून पुढे येते आणि मागच्या पट्टीवर अक्षरं पेटतात, बिट्टे फोल्गन, म्हणजे मागे या. मागे जा, थांबले की इंजिन बंद करा आणि आतच बसा. आपली सवय आदर म्हणून उतरून जवळ जायची. तिकडं तसं केलं की ते सावध होतात. काच खाली, हात स्टिअरिंगवर. लायसन्स, गाडीचा कागद आणि पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड दाखवा. लायसन्स मूळच लागतं, मोबाईलमधला फोटो चालत नाही. कधी त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जाकीट गाडीत आहे का तेही बघतात. भाषा येत नसेल तर सरळ सांगा, बहुतेक जण इंग्रजीत बोलतात. आणि "सी" म्हणा, "डू" म्हणू नका. अहो आणि अरे इतका फरक आहे.

"काही जमतंय का बघा" हे वाक्य कुठल्याही भाषेत काढू नका. पोलिसाला पैसे देऊ करणं हा तिकडं फौजदारी गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. पन्नास युरोचा दंड वाचवायला गेलेला माणूस कोर्टात उभा राहतो. शिवी आणि हातवारे यांचंही तसंच, तीही फौजदारीच. हा फरक आपल्यासारख्या परक्या माणसाने डोक्यात पक्का ठेवावा: वेगाचा दंड ही नियमभंगाची बाब आहे, पण फौजदारी शिक्षा झाली तर ती व्हिसा वाढवताना आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळी समोर येते.

त्यातच मोडणारी एक गोष्ट आपल्याकडच्या भल्या माणसालाही अडकवते. पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला घासलं, मालक दिसत नाही, म्हणून वायपरखाली फोन नंबरची चिठ्ठी ठेवली आणि निघालो. सोलापुरात याला सज्जनपणा म्हणतील. जर्मनीत चिठ्ठी पुरत नाही, तुम्ही अपघात करून पळालात असं धरतात. थांबायचं, मालक आला नाही तर पोलिसांना फोन करायचा. कुणी ओरडत नाही, येतात, लिहून घेतात, विमा भरतो.

शिकायला जाणाऱ्यांना वाटेल, गाडीच नाही तर मला काय. पण तुमची पहिली गाठ सायकलवरच पडणार. रात्री दिवा नसेल तर 20 युरो, चालवताना फोन हातात दिसला तर 55, आणि लाल सिग्नल तोडला तर 60 अधिक पॉइंट. लायसन्स नसलं तरी पॉइंट फ्लेन्सबुर्गला जमा होतोच. पार्क चौकात पिवळ्यावर वेग वाढवणारा पाय तिकडं सायकलवरूनही पकडला जातो.

राहिलं लायसन्स. आपलं भारतीय लायसन्स तिकडं राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं, तेही अधिकृत जर्मन भाषांतरासोबत. सहा महिने आणि एक दिवस झाला की विनापरवाना चालवणं, आणि ते फौजदारीत येतं. भारताचं लायसन्स सरळ बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक वर्ग करावा लागतो. ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास मात्र आपल्याला माफ असतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. पहिल्या महिन्यातच अर्ज टाका, कारण तारखा मिळायला वेळ लागतो आणि सहा महिने कसे जातात कळत नाही. सोलापुरात पंधरा वर्षं गाडी हाकली म्हणून प्रत्यक्ष परीक्षा सोपी जाईल असं समजू नका. मी पहिल्यांदा नापास झालो तो उजवीकडून येणाऱ्याला वाट दिली नाही म्हणून. छोट्या गल्लीच्या तोंडाला पाटी नव्हती, समोरची गाडीही छोटी होती. आपल्याकडे मोठ्या गाडीला वाट असते हो.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मामा, मग 200 ने कधी चालवायची?" सांगितलं, मागच्या गाडीपेक्षा पुढच्या गाडीचं अंतर आधी बघ. 100 ने जात असशील तर 50 मीटर, 200 ला 100 मीटर, आणि हे अंतर पुलावरच्या कॅमेऱ्यातून मोजतात. उजवीकडून ओव्हरटेक नाही. गर्दी साचली की मध्ये रुग्णवाहिकेला गल्ली मोकळी, नाहीतर 200 युरो आणि महिनाभर गाडी बंद. एवढं सांभाळून कुठे रस्ता मोकळा सापडला तर चालव. त्याची नर्सिंगवाली मैत्रीण म्हणाली, "मी तर ट्रेनचा पास काढणार." तिला मी आणखी एक भाकरी वाढली.