चालू घडामोडींची वही तारखेनुसार नव्हे, घटकानुसार लिहावी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या अभ्यासक्रमात पहिलाच घटक राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडींचा आहे, आणि तरीही बहुतेक उमेदवार तो परीक्षेच्या महिनाभर आधी मासिकांचा गठ्ठा विकत आणून उरकतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी निराळी चूक केली होती. रोजच्या रोज टिपणे काढून तीन वह्या भरल्या होत्या, पण त्या तारखेनुसार लिहिल्यामुळे पाणथळ जागांविषयीची माहिती चार ठिकाणी विखुरली आणि उजळणीच्या वेळी एकत्र सापडली नाही. म्हणून शिवलेली वही न घेता सुट्या पानांची फाइल घ्यावी, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण, भूगोल, संस्कृती असे तिचे विभाग पाडावेत आणि प्रत्येक बातमीला त्या त्या विभागात एक पान द्यावे. पानाच्या पुढच्या बाजूला घटना, वर्ष आणि स्थळ लिहावे. मागच्या बाजूला त्या घटनेमागील कायदा, संस्था आणि कारण लिहावे. बहुतेकांच्या टिपणांत ही मागची बाजू कोरीच राहते.

ठाणे आणि नवी मुंबईतील उमेदवाराने या पद्धतीचा सराव घराजवळच्या बातमीपासून करावा, कारण तिचे संदर्भ त्याला आधीच ठाऊक असतात. ठाणे खाडीचेच पाहू. ऐरोलीच्या पुलावरून जाताना जी खाडी दिसते, तिला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे राज्यातील तिसरे स्थळ. एवढे पुढच्या बाजूला पुरे. मागच्या बाजूला १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेला करार, त्याच्या स्मरणार्थ २ फेब्रुवारीला पाळला जाणारा जागतिक पाणथळ दिन, १९८१ मध्ये यादीत आलेली चिल्का आणि केवलादेव ही भारतातील पहिली दोन स्थळे, आणि परिसंस्थेचा ऱ्हास होत असलेल्या स्थळांच्या माँट्रो नोंदीत असलेली केवलादेव व लोकटाक ही नावे यावीत. त्यानंतर खरा प्रश्न येतो: या खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, मग रामसर दर्जाने वेगळे काय झाले? अभयारण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असते, तर रामसर स्थळांना पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे नियम लागू होतात. म्हणजे दोन दर्जे, दोन कायदेशीर आधार आणि दोन वेगळ्या हद्दी. विधाने देऊन योग्य पर्याय विचारणाऱ्या प्रश्नांत नेमका हाच फरक तपासला जातो, आणि केवळ मथळा वाचलेला उमेदवार तेथे चुकीच्या उत्तरापायी चतुर्थांश गुण गमावून बसतो.

भाषेच्या बातमीचेही तसेच. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसह पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला आणि अशा भाषांची संख्या अकरा झाली, हे सर्वांनी पाठ केलेले असते. परंतु पाली आणि प्राकृत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत, हे मागच्या बाजूला लिहिलेले असेल, तरच ‘अभिजात दर्जासाठी भाषा आठव्या अनुसूचीत असणे आवश्यक असते’ हे विधान चूक म्हणून ओळखता येईल.

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्याने मागच्या बाजूचे मोल आणखी वाढले आहे. नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले, हे पूर्वपरीक्षेपुरते ठीक. मुख्य परीक्षेसाठी सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने १९७० नंतर केलेले भूसंपादन, भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ चे जासई येथील आंदोलन, त्यातून पुढे आलेली, जमीन गेलेल्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आणि २०१३ चा भूसंपादन कायदा असा धागा जोडता आला पाहिजे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराच्या पानावरही असेच मुद्दे घालावेत: प्रकल्प, जमीन, समुद्र आणि स्थानिकांची उपजीविका. दोन पाने शेजारी ठेवली की तुलनात्मक उत्तराचा आराखडा जवळजवळ तयार होतो.

साधने थोडीच ठेवावीत. एक मराठी दैनिक, पत्र सूचना कार्यालयाची निवेदने, राज्य मंत्रिमंडळाचे निर्णय आणि ‘लोकराज्य’ एवढ्याने वर्षभराचा पाया होतो. फोनवर येणाऱ्या पीडीएफ फायलींचा ढीग साठवू नये. तो वाचला जात नाही, हे प्रत्येकाला मनातून माहीत असते. दैनिकाला तासापेक्षा अधिक वेळ देऊ नये आणि गुन्हेगारी, पक्षांतरे, आरोप-प्रत्यारोप यांची पाने सरळ उलटावीत. ट्रान्स हार्बर मार्गावरील लोकलच्या गर्दीत नवे वाचन होत नाही. तेथे आदल्या आठवड्याच्या पानांची छायाचित्रे पाहून उजळणी करावी.

आकडेवारीसाठी मात्र वृत्तपत्रावर विसंबू नये. केंद्राची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या तोंडावर आणि राज्याची पाहणी राज्य अर्थसंकल्पाच्या आधी सादर होते. दोन्हींतील निवडक पंधरा-वीस आकडे, प्रत्येकाचे वर्ष आणि तो प्रत्यक्ष आहे की अंदाजित याची नोंद करून, पेन्सिलीने लिहावेत, म्हणजे पुढच्या वर्षी खोडून नवा आकडा लिहिता येतो आणि पान बदलावे लागत नाही.