सीव्ही बूट फाटला होता, जॉइंट वाचला

पुढच्या चाकाच्या रिमला आतून काळं, चिकट ग्रीस उडालेलं दिसलं की समजायचं, सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारं आवरण, गेला. माझ्या फोर बाय फोरचं तेच झालं. बाहेरच्या बूटच्या घडीत नखाएवढी चीर होती. सोलापुरातल्या एका गॅरेजमध्ये म्हणाले, चाक फिरवणारा अख्खा ड्राइव्ह शाफ्टच बदला. मला ते पटेना. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली. कटकट आवाज नव्हता, म्हणजे जॉइंट शाबूत होता.

ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन शाफ्ट उतरवला. खरं काम सफाईचंच. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून जॉइंट डिझेलने धुतला, आतली एकेक पोलादी गोळी फिरवून बघितली, कुठे खड्डा पडलाय का. नव्हता! पूर्ण कोरडा करून नव्या बूटच्या किटमधलं मोलिब्डेनमचं काळं ग्रीस आत दाबून भरलं. इथे साधं ग्रीस अजिबात वापरू नका. बूट आवळायच्या पट्ट्या, सर्कलिप (शाफ्ट जागेवर अडकवणारी कडी), ॲक्सल नट, सगळं नवं घातलं. जुना नट वाचवण्यात अर्थ नाही. पट्टी आवळण्याआधी बूटमधली कोंडलेली हवा सोडली.

आता सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की पुढच्या चारही बूटांच्या (प्रत्येक शाफ्टला दोन) घड्या मी स्वतः बोटांनी उघडून बघतो.